पाय नसलेला माणूस

काळ्या गोट्यांवर चटई अंथरली आहे
आणि चटईवर एक माणूस, कमरेपर्यंतच.
पाय करायचे पैसे संपले वाटतं कंपनीचे,
म्हणते लुह कर्ती. बायका खो खो हसतात.
हसू देत.
हसलं की मनगटं सैल होतात.

तुलांबेनच्या या किनाऱ्यावर
बायका डोक्यावर चुंबळ ठेवून टाक्या वाहतात,
एकेक पंधरा-सोळा किलोची,
कधी एकीच्या डोक्यावर दोन दोन.
परक्यांचा श्वास वाहतात रोज सकाळी
आणि स्वतः गुडघ्यापलीकडे पाण्यात शिरलेल्या नाहीत.

यांना कशाला शिकवतोस, मालक म्हणाला.
बुडी मारणारे शिकून येतात. कार्डं असतात त्यांच्याकडे.

मी काही बोललो नाही.

गेल्या ऑगस्टात एक माणूस वर आला,
साठीचा, जाड मिशांचा, सोबत्यांच्या आधी.
बोटांचं वर्तुळ करून सगळं ठीक म्हणाला
आणि मग ते वर्तुळ सुटलं.
सोबतीचे चौघे अजून खालीच,
पाच मीटरवर, तीन मिनिटं,
नियमाप्रमाणे थांबलेले.
कार्डं त्यांच्याकडे.
वर मी एकटा. आणि या सात जणी,
डोक्यावर टाक्या, तोंडावर हात.

दोन मिनिटं छाती दाबली की खांदे भरून येतात.
चार मिनिटांनी तुम्ही दाबत नसता,
नुसते डुलत असता.
मी अकरा मिनिटं डुललो.
त्याचं नाव मला नंतर कळलं. ते माझ्यापाशी राहू दे.

तर ऐका.
आधी पाण्याबाहेर. पाण्यात छाती दाबायला
पाठीखाली काही नसतं.
सूट कापायचा, कितीही महाग असो.
(किती महाग? कर्ती विचारते. मी आकडा सांगतो.
ती कात्रीकडे बघत राहते.)
बुडालेल्याला आधी फुंकर, मग दाब.
छाती खडखडीत कोरडी पुसायची,
मगच यंत्राच्या चकत्या.
यंत्र इंग्रजीत बोलेल. त्याची भाषा सोडा,
दिवा लुकलुकला की हात वर, सगळ्यांचे,
त्याच्या बायकोचेही.

कर्ती गुडघ्यांवर बसते.
तिच्या मानेच्या शिरा वीस वर्षांच्या ओझ्यानं पिळलेल्या.
बेसिक, दुआ, तेलू, पपत,
तिच्या तोंडी आपलेच आकडे, भाताच्या पेंढ्या मोजायचे.
रबरी छातीतली कळ प्रत्येक वेळी वाजते, टक.
पट्टीच्या पोहणाऱ्यांची वाजत नाही इतकी नेमकी.
तिशीला ती थांबते, दोनदा फुंकते,
रबराच्या वासानं नाक मुरडते, पुन्हा सुरू.

दोन मिनिटं झाली. मी म्हणतो, बदला.
ती हलत नाही.
बदला, कर्ती. दमल्यावर सोडणं हाही धडाच आहे.

ती बाजूला सरकते, सुआर्दानी जागा घेते.
आणि मग माझ्याकडे न बघता कर्ती म्हणते,
त्या दिवशी आम्ही उभ्या नव्हतो राहिलो.

काय?

टाकी ठेवायला सपाट जागा शोधत होते मी.
गोट्यांवर टाकली, पोचा आला,
तर महिन्याच्या मजुरीतून कापतात.

टक. टक. सुआर्दानी दाबत असते.
लाट गोट्यांमधून मागे सरते,
घसा खाकरल्यासारखा आवाज करत.

माझ्या पुस्तकात नऊ पायऱ्या आहेत.
त्या सगळ्यांच्या आधी एक यायला हवी होती,
आणि ती मला माहीत नव्हती.

छपरीतून मी एक रिकामी टाकी आणतो,
तिच्या डोक्यावर, चुंबळीवर नीट बसवतो.
म्हणतो, समज, तो तिथं पडलाय.

ती एकदा मालकाच्या खिडकीकडे बघते.
मग मान झटकते.
गोट्यांवर लोखंड असं दणाणतं
की दुकानातली कुत्री भुंकत बाहेर येतात.
तोवर ती चटईपाशी पोचलेली असते.